न्यूट्रलला काही होत नाही

१४ जानेवारी २००६, शनिवार

नवी वही, नवी नोकरी. संक्रांतीच्या दिवशी कुणी नवं काम धरतं का, म्हणून मालिनी सकाळपासून डोकं खात होती. मी म्हटलं, बाई, दोन वर्षं घरी बसून तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजतोय, याहून मोठी संक्रांत कुठून यायची? तिनं डबा भरून हातात दिला. तेवढ्यावर आमचं भागलं.

कुळगावहून स्कूटरनं अंबरनाथच्या एमआयडीसीत पोचायला वीस मिनिटं लागली. कारखाना लहान आहे. नळ, शॉवरच्या तोट्या, मोटरसायकलची हँडलं येतात आणि क्रोम चढून चकचकीत होऊन जातात. मालक मुकेशशेठ उल्हासनगरचे सिंधी, माणूस गोड. बोलतात अर्धं हिंदी, अर्धं मराठी. म्हणाले, नागोठकरसाब, आमचे कपॅसिटर फटाक्यासारखे फुटतात, वायर गरम होते, मालावर धुकं येतं, लोक सांगतात हार्मोनिक्स आहेत, तुम्ही ते काढा. जसे काही घरात ढेकूण झालेत.

आत सहा टाक्या, सहा रेक्टिफायर आणि त्यांचा आवाज. घूंऽऽ करत दातात शिरतो. पण मजा पुढंच. मुख्य पॅनेलसमोर गेलो तर दारावर पितळी पट्टी, तिच्यावर उल्हासनगरच्या एका पॅनेल बनवणाऱ्या दुकानाचं नाव आणि खाली 'अडचण आल्यास फोन करा' म्हणून नंबर. एकोणीस वर्षं मी त्याच दुकानात बसून ड्रॉइंग काढली! आतल्या कागदाच्या कोपऱ्यात माझी सही सापडली, श. ना., सन २०००. आपलंच बाळ इथं नांदतंय म्हणायचं. दुकान बंद पडलं, बाळ टिकलं. खरंच बरं वाटलं.

टाक्यांवर दौलतराव म्हणून म्हातारे शेतकरी आहेत, वांगणीकडचे. माल पाण्यातून बुडवून काढताना मोठ्यानं मोजतात, आणि एक म्हणत नाहीत. भात मोजतात तसं लाभ, दोन, तीन. सगळ्या कामगारांना त्यांनीच शिकवलंय, त्यामुळे अख्खा कारखाना लाभ लाभ करतो. माल तांब्याच्या तारेनं बांधणाऱ्या भागीरथीबाईंनी तिळगूळ दिला. पॅनेलजवळच्या खोपटात मला टेबल मिळालं. टेबलावर एक काळा फोन आहे, पण वायर कापलेला, निव्वळ शोभेचा. शेठ सगळं मोबाइलवरच बोलतात.

१६ जानेवारी, सोमवार

गुडघे बोलायला लागले. पण मोजणी झाली.

रेक्टिफायर म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एकाच दिशेनं चालायला लावणारं यंत्र. क्रोमला तशीच लागते. चकाकी वाढावी म्हणून मागं कुणीतरी त्यांना वीज साठवणारे मोठाले कपॅसिटर जोडून ठेवलेत. त्यामुळे ते वीज सावकाश पीत नाहीत, लाटेच्या टोकाला तोंड लावून घटाघटा घोट मारतात. अशा पिण्यानं सेकंदाला पन्नास हेलकाव्यांच्या मूळ लाटेवर दीडशेची, अडीचशेची, साडेतीनशेची बारकी लाट चढते. शेठचे ढेकूण ते हेच.

यात सगळ्यात वाईट दीडशेची. तीन फेजचा प्रवाह न्यूट्रलच्या तारेतून परत येताना एकमेकांना खोडतो, तार जवळजवळ रिकामी राहते, असं आम्ही शिकलो. म्हणून जन्मभर न्यूट्रल निम्म्या जाडीचा घातला, तेवढंच तांबं वाचतं. पण दीडशेची लाट खोडली जात नाही, तिघांकडची गोळा होऊन न्यूट्रलमध्येच येते. आज टाँग टेस्टर, म्हणजे तारेला चिमट्यासारखं धरून प्रवाह मोजणारं मीटर, लावला तर फेजमध्ये साठ अँपिअर आणि न्यूट्रलमध्ये अठ्ठ्याण्णव. निम्म्या जाडीच्या तारेत! न्यूट्रलच्या बोल्टाभोवती जुना जळका डाग आहे. कधीतरी तो जळून सुटलेला असणार. सुटलेला न्यूट्रल फेजइतकाच मारतो. तेव्हा हे कुणाला कळत होतं? मलाही नव्हतं.

उपाय सरळ आहे. प्रत्येक रेक्टिफायरला एक चोक बसवायचा, म्हणजे लोखंडावर जाड तार गुंडाळलेला बारा किलोचा गोळा. मग घोट बंद, शांतपणे पिणं सुरू. नंतर एखाद्या शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, न्यूट्रल बदलून दुप्पट जाड घालायचा.

दुपारी कामगारांना समजावताना जुन्या सवयीनं माझं ठेवणीतलं वाक्य तोंडातून गेलं, की आम्ही न्यूट्रलला गरीब गाय म्हणायचो, शिंग मारत नाही. सगळे हसले. भागीरथीबाईंचा तार पिळणारा हात तेवढा थांबला.

१८ जानेवारी, बुधवार

चहाच्या वेळी भागीरथीबाई खोपटात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

त्यांचा नवरा भगवान इथंच टाकीवर होता. विजेला भ्यायचा. घरचा बल्ब बदलतानासुद्धा लाकडी पाटावर उभा राहायचा. चार वर्षांपूर्वी एका दुपारी न्यूट्रल तापल्याचा वास आला. शेठ बाहेर होते, वायरमन रजेवर. टेबलावरचा काळा फोन तेव्हा चालू होता, भगवाननं त्यावरून पट्टीवरच्या नंबराला फोन लावला. खाली ठेवला तेव्हा हसत होता. बायकोला म्हणाला, उगीच भ्यायलो, फोनवरचे साहेब सांगतात न्यूट्रल म्हणजे गरीब गाय, हात लावला तरी काही होत नाही, बोल्ट आठ आटे पिळा. पाना घेऊन तो मोजत मोजत पिळायला लागला. आठ पुरे झाले नाहीत.

नंतर सगळीकडे झालं की भगवान दारू पिऊन पॅनेलला चिकटला. कागदावरही तसंच गेलं. त्यांच्या घरात बुद्धवंदना चुकत नाही, दारूचा थेंब नाही. पण मुलगी अस्मिता कॉलेजात जाते, तिला अजून ऐकून घ्यावं लागतं की तुझा बाप बेवडा होता. बाईंना दुसरं काही नको. ज्या माणसानं फोनवर सांगितलं त्यानं चार लोकांत एवढंच म्हणावं, की मी सांगितलं म्हणून त्यानं हात लावला. त्या नंबरावर पुढं कुणी उचललंच नाही. येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला त्या विचारतात. माझं परवाचं वाक्य ऐकून त्यांना वाटलं, मला तरी तो माणूस माहीत असेल.

मी म्हटलं, छे हो, आमच्या धंद्यात हे सगळेच म्हणतात.

सगळे म्हणत नाहीत. हे मीच काढलेलं वाक्य आहे.

२१ जानेवारी, शनिवार

पहिला चोक बसला. न्यूट्रल अठ्ठ्याण्णववरून एकोणनव्वदवर. आवाजही किंचित उतरला. शेठनी पाठ थोपटली.

दौलतराव मात्र गाल फुगवून बसले. म्हणाले, तीन वर्षांपूर्वी एकानं असेच दोन गोळे बसवले होते, आम्हीच ते सोडवून ठेवले, शेठला सांगितलं जळले. का, विचारलं तर म्हणाले, आवाज असलेला बरा साहेब, आवाजात काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, दौलतराव, ऐकू येऊ नये म्हणून लोक कानात कापूस घालतात, तुम्ही कपॅसिटर फोडता! ते हसले नाहीत.

तो फोन माझ्याकडेच आला होता कशावरून? दिवसाला पंधरा-वीस यायचे. दुकानातला साठेही उचलायचा. मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

२४ जानेवारी, मंगळवार

तीन चोक झाले. न्यूट्रल अडुसष्टवर. गूंज अर्धी राहिली. जेवणाच्या सुट्टीत पॅनेलपाशी आकडे लिहीत होतो तर मागून दौलतरावांचं मोजणं ऐकू आलं. लाभ, दोन, तीन. थांबून परत लाभ, दोन, तीन. म्हातारा जेवायलाही जात नाही, म्हणून वळलो.

टाक्यांवर कुणी नव्हतं. दौलतराव बाहेर चिंचेखाली कांदा फोडत होते.

आवाज पॅनेलमधून येतोय. गूंजेच्या खालून, जाड चादरीखाली कुणी बोलावं तसा. वय झालं, कान वाजतात, हे मालिनीला सांगितलं असतं तर डॉक्टरकडे धाडलं असतं. सांगितलं नाही. दमलोय फार.

२७ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. दिवसभर लोळलो, तरी अंग हलकं होईना.

आज आठवलं. मालिनीनं वांग्याची भाजी वाढली आणि घास तोंडात असतानाच आठवलं. त्या दिवशीही वांगंच होतं. दुकानात डबा उघडला आणि फोन वाजला. पलीकडे भिडस्त आवाजाचा माणूस, साहेब साहेब करत होता. साहेब, न्यूट्रल गरम लागतोय, हात लावू का, मला भीती वाटते. मागून घूंऽऽ येत होतं, त्यामुळे त्याला दोनदा ओरडून विचारावं लागलं. माझी पोळी गार होत होती. मी एका दमात सांगून टाकलं. गरीब गाय, आठ आटे, घाबरू नका, हात लावा. तो म्हणाला, तुम्ही सांगताय म्हणून लावतो हं साहेब. मी ठेवला.

मेनस्विच पाडा, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तीन शब्दही नाहीत.

मालिनी विचारत होती मीठ कमी आहे का.

२८ जानेवारी, शनिवार

आज भागीरथीबाईंना सांगायचंच असं ठरवून गेलो. त्या तार पिळत होत्या. समोर उभा राहिलो आणि चहा आला का एवढंच विचारलं. थू माझ्या जिंदगानीवर.

चौथा आणि पाचवा चोक एकदमच बसले. न्यूट्रल एकतीस. कारखाना इतका शांत झाला की थेंब टाकीत पडलेला ऐकू येतो. शेठनी पेढे वाटले.

लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा. आता स्पष्ट येतं. भिडस्त आवाज, फोनवरचाच. सहावर थांबतो. मग श्वास. मग परत लाभ.

शेठना म्हटलं, चोक काढून टाकू, काही दिवस तपासू. ते म्हणाले, पागल झालात काय, किती वर्षांनी शांती आली.

३१ जानेवारी, मंगळवार

भागीरथीबाईंनी ऐकलं.

हातातली तार खाली ठेवून सरळ चालत गेल्या. पॅनेलच्या दाराला कान लावला. दौलतरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

मला वाटलं किंचाळतील. त्या तिथं खाली बसल्या आणि डबा उघडला. दोन घास खाल्ले. मग शांतपणे त्याला सांगायला लागल्या, अस्मिताची परीक्षा जवळ आली, घराचा पत्रा बदलला, तुझी सायकल विकली नाही. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.

जाताना मला म्हणाल्या, सहावर थांबतो बघा साहेब. खोळंबलाय. कुणीतरी पुढं सांगेल म्हणून वाट बघतो. विचारल्याशिवाय कधी काही केलं नाही त्यानं.

तेव्हाही बोललो नाही.

२ फेब्रुवारी, गुरुवार

सहावा चोक. आवाज जवळजवळ शून्य. न्यूट्रल बावीस. अपेक्षेपेक्षा दोननं जास्त, चूक सापडत नाही.

उद्या सुट्टी. उद्याच न्यूट्रल बदलायचा. शेठ म्हणाले, नवा वायरमन अक्षय करेल, तुम्ही वरून सांगा. तो पोरगा हसत म्हणाला, साहेब, तुम्ही फक्त सांगा कुठं हात लावायचा ते.

मी ओरडलोच त्याच्यावर. सगळे बघायला लागले. तो बोल्ट मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. या जन्मात नाही. उद्या एकटाच येणार.

मालिनीशी आज चांगलं बोललो. तिला आश्चर्य वाटलं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११

कारखान्यात मी एकटा. ऊन आहे, बाहेर चिंचेवर साळुंक्या भांडतायत. मेन पाडला. तीनही फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवले, आत्ता हात लावून पाहिले. आहेत. कुठंही वीज नाही.

तरी टेस्टर लावला. न्यूट्रलमध्ये काटा हलतोय. एकावर जातो. दोनवर. तीन. चार. पाच. सहा. थांबतो. पडतो.

११.२०

बाहेर पडून दार लावलं, स्कूटरला किक मारली, परत आलो. आज गेलो तर उद्या अक्षय हात लावेल.

आधी लिहायचं ते लिहून टाकतो, मग पाना. ही वही भागीरथीबाईंच्या तारेच्या टेबलावर ठेवतोय. ज्याला सापडेल त्यानं मोठ्यानं वाचावी, सगळ्यांसमोर.

भगवान प्यायलेला नव्हता. तो भीत होता, म्हणून त्यानं फोन करून विचारलं. मी मेन पाडायला सांगितलं नाही. मी हात लाव म्हटलं, आठ आटे पिळ म्हटलं. मी जेवत होतो. बाई तुमच्यासमोर दोन आठवडे उभा राहून खोटं बोललो. तो माणूस मी.

शरदचंद्र गोविंद नागोठकर, कुळगाव, बदलापूर.

एवढंच होतं. एवढ्याला किती दिवस —

११.४०

फोन वाजतोय. काळा. वायर कापलेला.

११.४५

उचलला. पलीकडून तोंडात घास असल्यासारखा आवाज. माझा. अरे देवा, माझा आहे. कंटाळलेला, घाईतला. म्हणतो घाबरू नका —

मी विचारलं मेन पाडू का. तीनदा विचारलं. तो ऐकतच नाही. घास चावतोय.

बाजूला ठेवला. ठेवला तरी बोलतोय.

खिशात फ्यूज बघतो. दोन आहेत. तीन होते. तीन —

मेन? खालीच आहे. खालीच दिसतोय इथून —

वही पॅनेलपाशी आणली, डाव्या हातात पेन, उजव्यात पाना. लाभ.

दोन. बोल्ट गरम आहे.

तीन चार

आता मी एकटा मोजत नाही. बाजूला कुणीतरी पाटावर उभं आहे —

पाच

सहा. थांबला. माझ्याकडे बघतोय. विचारतोय, साहेब, पुढं लावू का हात

नको भगवान. तू नको. तू सोड. मी सांगतो, सोड तू, उरलेले दोन माझे, मी पिळतो, सा